एक्केचाळीस नंबरची गाडी

मोजल्याशिवाय मी काहीही करत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. नवी चप्पल घ्यायची असली तरी पायाची लांबी मिलिमीटरमध्ये लिहून नेतो. पाणीपुरवठा खात्यात सव्वीस वर्षं नकाशे काढतोय, पण माझ्या नकाशात आजवर एक रेघ वाकडी गेलेली नाही. पाईप गेले असतील. ते खोदणाऱ्यांनी बघावं!

तर अशा माणसाने जेव्हा ऑगन्थॅम बुक केली, तेव्हा ती विचार करूनच केली असणार, हे तुम्हीही मान्य कराल. तुम्हाला ऑगन्थॅम माहीत नसेल, तर मला तुमच्याबद्दल मनापासून वाईट वाटतं. अहो, ब्रिटिश स्पोर्ट्स कार! दोन सीटची, उघड्या टपाची, बॉनेट एवढं लांब की पुढचा दिवा चौकात पोचतो तेव्हा ड्रायव्हर अजून घरीच असतो. कंपनी पंचेचाळीस वर्षांपूर्वी बंद पडली होती. मग कोणा हौशी माणसाने ते नाव विकत घेतलं आणि जाहीर केलं की ऑगन्थॅम परत येतेय! पुढच्या वसंतात!

त्या वसंताला आता सहा वर्षं झाली.

दर वसंतात कंपनीचं पत्र येतं. 'प्रिय सहप्रवासी' अशी सुरुवात असते आणि खाली उशिराचं कारण. एका वर्षी दिव्यांच्या काचा मनासारख्या मिळेनात. पुढच्या वर्षी दार लावल्याचा आवाज. दार 'धप्' वाजत होतं, त्यांना 'ठप्' हवं होतं. चौदा महिने गेले त्यात! पण आम्ही कुरकुर केली नाही. 'धप्' वाजणारी गाडी घेऊन आम्ही तरी काय करणार होतो?

आम्ही म्हणजे आमच्या गावातले तिघं. एक मी, माझा बुकिंग नंबर एक्केचाळीस. दुसरे दातांचे डॉक्टर, सत्तावीस. आणि तिसऱ्या मोठ्या बाई, नंबर बारा. बाई मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. आता वय चौऱ्याहत्तर. लहानपणी कोणा पाहुण्याने त्यांना जुन्या ऑगन्थॅममधून एक फेरी मारून आणली होती, ती फेरी अजून त्यांच्या डोक्यातून उतरलेली नाही. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही डॉक्टरांच्या दवाखान्यात जमतो, कारण तिथे वाट बघायच्या खुर्च्या आहेत. एकमेकांना नंबरानेच हाक मारतो. बाई मला 'एक्केचाळीस' म्हणाल्या की मला अजूनही वर्गात उभं राहावंसं वाटतं.

या सगळ्याला घरातून विरोध एकच. बायकोचा. ती हॉस्पिटलात एक्स-रे काढते, त्यामुळे तिला माझ्या आतलं सगळं दिसतं.

"गाडी आपल्या गॅरेजमध्ये मावणार नाही," ती एके दिवशी म्हणाली.

"मावते! दोन्ही बाजूंना अकरा-अकरा सेंटिमीटर राहतात. नकाशा काढलाय मी!"

"कागदावर तुमच्या नळाला पाणीपण येतं."

हे माझ्या वर्मी लागलं. मी त्याच दिवशी सुतारमामांना बोलावलं. सुतारमामांनी आमच्या घरातलं प्रत्येक कपाट केलंय, आणि प्रत्येक कपाट ठरल्यापेक्षा चार महिने उशिरा आणि चारपट सुंदर. मी त्यांना कंपनीचं माहितीपत्रक दाखवलं आणि म्हणालो, "मामा, या मापाचा प्लायवूडचा सांगाडा हवाय. फक्त गॅरेजमध्ये ढकलून बघायला. साधा खोका करा!"

मामांनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला. चित्राकडे बराच वेळ बघितलं. "नाव काय म्हणालात?"

"ऑगन्थॅम."

"अगं थांब?"

"ऑ-गन्-थॅम!"

"तेच की. अगं थांब." त्यांनी चित्रावरून बोट फिरवलं. "साहेब, हिचा खोका करायचा म्हणजे पाप आहे."

मला तिथेच सावध व्हायला हवं होतं! पण मी तेव्हा टेप शोधत होतो.

तीन आठवडे मामा गॅरेजमध्ये होते. आधी बॉनेटला गोलाई आली. प्लायला पाणी मारून, वाकवून, दोऱ्यांनी बांधून ते बॉनेट त्यांनी असं वळवलं की मलाच हात फिरवायचा मोह आवरेना. मग मडगार्ड आले. मग बायकोच्या हॉस्पिटलच्या भंगारातून स्ट्रेचरची चार चाकं आली. ("ढकलायची तर चाकं नकोत?") गॅरेजच्या तोंडाशी वळण आहे म्हणून पुढची चाकं वळायला हवीत, वळायची तर स्टिअरिंग हवं! मामांनी दोऱ्या आणि कप्प्या लावून खरोखर वळणारं स्टिअरिंग बसवलं. शेवटी एका शाळेच्या फाटकाचा उरलेल्या गडद हिरव्या रंगाचे दोन हात मारले. ब्रेक म्हणून मागच्या चाकाखाली एक लाकडी पाचर. खोका म्हणून सुरू झालेलं काम आता दहा फुटांवरून थेट ऑगन्थॅम दिसत होतं. वीस फुटांवरून तर कंपनीपेक्षा बरं!

मग चाचणी झाली. मी आत बसलो, मामा आणि बायको ढकलायला. गाडी गॅरेजमध्ये शिरली. अकरा सेंटिमीटर इकडे, अकरा तिकडे!

"बघ!" मी ओरडलो. "मावली!"

"उतरा आता," बायको म्हणाली.

मी दार उघडलं. ते अकरा सेंटिमीटर उघडलं. माझं पोट त्याहून जास्त आहे. शेवटी मी सीटवर उभा राहिलो, मागच्या झाकणावर पालथा पडलो आणि घसरत खाली आलो.

"रोज ऑफिसातून येऊन हे करणार?" बायकोने विचारलं, आणि ती स्वयंपाकघरात निघून गेली.

मी खजील होऊन गॅरेजच्या दारात उभा होतो, एवढ्यात समोरचे विमावाले आले. आमच्या गल्लीत कोणी शिंकलं तरी हे फॉर्म घेऊन हजर! त्यांनी माझ्या खांद्यावरून आत पाहिलं. आत अंधार, त्या अंधारात ते लांबलचक हिरवं बॉनेट. त्यांचा जबडाच खाली आला.

"आली?" ते कुजबुजले. "आली शेवटी? कळवलंसुद्धा नाहीत!"

आता इथे मी खरं सांगतो. मी 'हो' म्हणालो नाही. पण 'नाही'ही म्हणालो नाही. सहा वर्षं हे गृहस्थ मला रोज सकाळी "काय, आली का गाडी?" असं विचारून हसत होते. आज पहिल्यांदाच ते हसत नव्हते. मी नुसता मान किंचित झुकवून उभा राहिलो. पुरस्कार घेताना राहतात तसा.

नेमकं तेव्हाच भिंतीपलीकडे बायकोने मिक्सर लावला. घर्रर्रर्र!

"इंजिन चालू आहे?" विमावाल्यांनी डोळे मिटले. "वा! काय आवाज आहे! मऊ!" मग मिक्सर बंद झाला. "आणि बंद कसं अलगद होतं!"

मी घाईघाईने गाडीवर चादर ओढली आणि म्हणालो, "महिनाभर कोणाला दाखवायची नाही, असं कंपनीचं सांगणं आहे."

म्हणजे आता मी खोटं बोललो होतो. आणि तेही विमा एजंटाशी!

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बेल वाजली. दारात डॉक्टर आणि मोठ्या बाई. डॉक्टर पेशंटला अर्धवट सोडून आलेले असावेत, कारण हातमोजे तसेच होते.

"एक्केचाळीस," बाई म्हणाल्या, "तुमची गाडी आलीय म्हणे."

"कोण म्हणालं?"

"विमावाले माझ्या खुर्चीत होते," डॉक्टर म्हणाले. "तोंडात ड्रिल असताना सांगितलं त्यांनी! माणूस त्या अवस्थेत खोटं बोलत नाही. दाखवा!"

"अहो, ते... कंपनीने सांगितलंय..."

"माझा नंबर बारा आहे," बाई शांतपणे म्हणाल्या. त्यांचा आवाज शांत झाला की पूर्वी आख्खी शाळा शांत व्हायची. "तुमचा एक्केचाळीस. मधले अठ्ठावीस कुठे गेले?"

बाई खुर्चीवर बसल्या, पर्स मांडीवर घेतली.

"मला राग आलेला नाही," त्या म्हणाल्या. "माझं लायसन्स एप्रिलमध्ये संपतंय. डोळ्यांच्या डॉक्टरांनी मागच्या खेपेलाच सांगितलंय की पुढच्या वेळी सही करणार नाही. म्हणून मी दिवस मोजतेय. तुमची आधी आली, चांगलं झालं. फक्त वाटलं, तुम्ही मला एक हाक मारली असती."

इतकं मेल्यासारखं मला कधीच झालं नव्हतं. मी सांगणारच होतो! "बाई, ती गाडी खरं म्हणजे..." एवढं तोंडातून बाहेरही पडलं. पण डॉक्टर मध्येच म्हणाले, "राहू दे हो. नियम म्हणजे नियम. बाई, आपण कंपनीलाच विचारू." आणि दोघं गेले. मी दारात तोंड उघडं ठेवून उभा राहिलो.

बायको मागून म्हणाली, "तोंड मिटा. डॉक्टर गेले."

बाईंनी त्याच दिवशी कंपनीला पत्र धाडलं. मुख्याध्यापिकेचं पत्र ते! नंबर बाराच्या आधी नंबर एक्केचाळीसला गाडी कोणत्या नियमाने दिली, याचा लेखी खुलासा आठ दिवसांत करावा.

कंपनी कधीच आठ दिवसांत काही करत नाही. पण या वेळी पाचव्या दिवशी, रविवारी सकाळी, आमच्या दारात एक टाय लावलेला घामाघूम माणूस उभा राहिला. कंपनीचा विभागीय अधिकारी! त्याच्या मागे बाई, बाईंच्या मागे डॉक्टर, आणि फाटकाशी हातात फॉर्म घेऊन विमावाले.

"गाडी कुठाय?" अधिकाऱ्याने विचारलं. "मुख्य कार्यालयात हाहाकार उडालाय! गाडी चोरीला गेली म्हणतायत! तीन वेळा कारखान्याचं कुलूप उघडून बघितलंय!"

मी काही बोलणार, इतक्यात गॅरेजमधून सुतारमामा बाहेर आले. त्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ते बिचारे दाराच्या कडेला पॉलिश मारायला आले होते. एवढी माणसं बघून त्यांना वाटलं, काम बघायला गिऱ्हाइकं आलीत. त्यांनी मोठ्या ऐटीत चादर खेचली.

"घ्या बघून! आख्खी गाडी प्लायची! एक खिळा दिसला तर नाव बदलीन!"

विमावाल्यांच्या हातातले फॉर्म एकेक करून खाली पडले. मी आमच्या फरशीतल्या फटी मोजू लागलो. बाई पुढे झाल्या आणि बॉनेटवर बोटाच्या पेराने ठोकलं. टक टक.

"एक्केचाळीस," त्या म्हणाल्या, "हे काय आहे?"

"माप घ्यायला केली होती, बाई," मी म्हणालो. "मग विमावाल्यांनी बघितली, आणि मला... मला सहा वर्षांत पहिल्यांदा जरा बरं वाटलं."

मी शिक्षेची वाट बघत होतो. पण तेवढ्यात धपकन आवाज झाला. अधिकारी गॅरेजच्या पायरीवर बसला होता आणि चक्क हसत होता.

"म्हणजे चोरीला गेली नाही!" त्याने टाय सैल केला. "नोकरी वाचली माझी!"

"साहेब," डॉक्टरांनी विचारलं, "तुमच्या कारखान्यात अशा किती गाड्या तयार आहेत?"

अधिकाऱ्याने मान खाली घातली. "मी सहा वर्षं ही गाडी विकतोय," तो म्हणाला. "पण चित्राबाहेर आज पहिल्यांदाच बघतोय." मग लहान मुलासारखं विचारलं, "जरा बसू का?"

उजेडात फोटो काढायचं ठरलं. मामांनी आणि मी गाडी बाहेर ढकलली, फाटकातून काढून तोंड उताराकडे करून उभी केली आणि मागच्या चाकाला पाचर लावली. आमची गल्ली घरापासून खालच्या चौकापर्यंत उतरतच जाते. माझ्याच नकाशात तो उतार आहे. अधिकारी आत बसला, स्टिअरिंगकडे.

"सरका," बाई म्हणाल्या.

अधिकारी मुकाट्याने शेजारच्या सीटवर सरकला. बाई बसल्या. पर्स पायाशी ठेवली, चष्मा पुसला, दोन्ही हात स्टिअरिंगवर.

आता दातांच्या डॉक्टरांचं एक आहे. काहीही अर्धवट हलताना दिसलं की त्यांना ते उपटल्याशिवाय राहवत नाही. व्यवसायाचा दोष! गाडीच्या मागे उभं राहून त्यांनी खाली पाहिलं, म्हणाले, "ही पाचर जरा हलतेय," आणि उपटली.

गाडी निघाली.

सुरुवातीला हळू. एवढी हळू, की विमावाले म्हणाले, "वा! आवाजच नाही!" मग वेगात! स्ट्रेचरची चाकं ती, माणसं घाईने न्यायलाच केलेली!

"ब्रेक!" अधिकारी किंचाळला.

"कुठे आहे?" बाईंनी विचारलं.

"बसवलेला नाही!" आम्ही मागून धावत ओरडलो.

सुतारमामा सगळ्यांच्या पुढे. हातात पॉलिशचा बोळा, आणि जिवाच्या आकांताने ओरडतायत, "अगं थांब! अगं थांब!" ते गाडीचं नाव घेत होते की गाडीला विनवत होते, ते अजून कळलेलं नाही. पण रस्त्याने चाललेल्या चार बायका मात्र जागच्या जागी थांबल्या, आणि त्यातली एक माझीच! ती ड्युटीवरून घरी येत होती.

"काय झालं? मी थांबले की!" ती म्हणाली.

"तू नाही! ती!" मी धावता धावता बोट दाखवलं. बायकोने तिकडे पाहिलं. एक चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाई टाय लावलेल्या परपुरुषाला घेऊन हिरव्या गाडीतून केस उडवत चालल्या होत्या.

आणि बाईंनी काय गाडी चालवली! वळणावर हात बाहेर काढून खूण केली. एका सायकलवाल्याला वाट दिली. खड्डा चुकवला. अधिकाऱ्याने डॅशबोर्ड घट्ट धरला होता, तो डॅशबोर्ड त्याच्या हातात आला, तरी त्याने तो सोडला नाही. समोर चौक जवळ येत होता. चौकाच्या अलीकडे आमच्याच खात्याचं पाईप टाकायचं काम चालू होतं. म्हणजे 'काम चालू' अशी पाटी होती. चौदा महिने तिथे वाळूचा ढीग पडलेला. बाईंनी तो ढीग हेरला, स्टिअरिंग वळवलं आणि गाडी त्या वाळूत भसकन नेऊन घातली. आमच्या खात्याच्या दिरंगाईमुळे कोणाचा जीव वाचल्याची ही पहिलीच वेळ!

आम्ही धापा टाकत पोचलो तेव्हा चौकातला ट्रॅफिक पोलीस आधीच तिथे उभा होता. बाई तशाच बसलेल्या. केस पिंजारलेले, गाल लाल.

"लायसन्स!" पोलीस म्हणाला.

बाईंनी पर्समधून लायसन्स काढून दिलं. "एप्रिलपर्यंत चालू आहे," त्या म्हणाल्या. राणीने राजमुद्रा दाखवावी तसं.

पोलिसाने उलटसुलट करून बघितलं. "ठीक आहे. गाडीचे कागद?"

"कागद नाही हो," सुतारमामा धापा टाकत म्हणाले, "प्लाय आहे!"

पोलिसाने बॉनेटवर टक टक केलं. मग दारावर केलं. मग टोपी काढून डोकं खाजवलं. "हे वाहन आहे की फर्निचर?"

"फर्निचर!" आम्ही सगळे एका सुरात म्हणालो.

"मग चौकात ठेवू नका. उचला." एवढं बोलून तो गेला. बहुधा फर्निचर भरधाव चालवल्याचं कलम त्याला आठवलं नसावं.

मी बाईंचा हात धरून त्यांना उतरवलं. "बाई, माफ करा," मी म्हणालो. "माझ्यामुळे..."

"एक्केचाळीस, जगातली पहिली नवी ऑगन्थॅम कोणी चालवली?"

"तुम्ही, बाई."

"मग झालं तर." त्यांनी साडीवरची वाळू झटकली आणि अधिकाऱ्याकडे वळल्या. "गाडी छान आहे हो तुमची. वळते सुंदर. तेवढे ब्रेक मात्र बघायला सांगा."

अधिकारी अजून डॅशबोर्ड कवटाळून उभा होता. त्याने तो बगलेत धरला, खिशातून डायरी काढली आणि माणूस कर्तव्यदक्ष असल्यामुळे ते जसंच्या तसं लिहून घेतलं. तारीख, वेळ, बुकिंग नंबर सगळं.

त्यानंतर महिनाभर मी गल्लीत मान वर करून हिंडलो नाही. विमावाले भेटले की "काय, मिक्सर कसा चाललाय?" असं विचारायचे. पण पहिल्या रविवारच्या बैठकीत बाई खुशीत होत्या, डॉक्टरांनी त्या फेरीचा फोटो दवाखान्यात लावला होता, आणि मला वाटलं, चला, निभावलं सगळं.

मग कंपनीचं पत्र आलं.

'प्रिय सहप्रवासी, आमच्या एका सन्माननीय ग्राहकाने नुकत्याच घेतलेल्या प्रत्यक्ष रस्ता-चाचणीत गाडीच्या ब्रेकमध्ये अत्यंत गंभीर उणिवा आढळल्या आहेत. आपल्या सुरक्षिततेबाबत आम्ही तडजोड करत नाही. सबब ब्रेकची संपूर्ण रचना नव्याने करण्यात येत असून, गाडी मिळण्यास आणखी अठरा महिने लागतील.'

वाट बघणाऱ्यांचा फोनवर एक ग्रुप आहे, दोनशे माणसांचा. देशोदेशीची माणसं आहेत. तिथे नुसता आगडोंब! कोण हा सन्माननीय ग्राहक? कोणी सांगितली होती याला चाचणी घ्यायला? नाव जाहीर करा! आमच्या गावचं म्हणणं काय, असंही विचारणं झालं. आम्ही तिघांनी तातडीची बैठक घेतली आणि त्या अज्ञात ग्राहकाच्या बेजबाबदारपणाचा कडक निषेध करणारा ठराव एकमताने मंजूर करून पाठवला.

मसुदा माझा होता. अक्षर चांगलं आहे ना माझं!